जुनी ऑटोमॅटिक गाडी : दुरुस्ती की विक्री?

पाटणच्या पेठेत गेल्या दहा-बारा वर्षांत एक बदल फारसा गाजावाजा न होता घडून आला. दुकानामागच्या बोळात उभ्या असणाऱ्या मोटारींपैकी काहींना डाव्या पायाखाली क्लच नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ ही एएमटी पद्धतीची गाडी बाजारात आणली आणि ऑटोमॅटिक गाडी ही केवळ पुण्या-मुंबईच्या श्रीमंतांची चीज राहिली नाही. त्याआधीही लहान ऑटोमॅटिक गाड्या मिळत असत. पण साध्या गाडीच्या आणि तिच्या किमतीतील अंतर पाहून व्यापारी माणूस मागे फिरत असे. ते अंतर कमी झाले. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या वडीलधाऱ्यांनी, पन्नाशीनंतर गाडी शिकू पाहणाऱ्या गृहिणींनी, दिवसातून दोनदा कराडला हेलपाटा घालणाऱ्या दुकानदारांनी अशा गाड्या घेतल्या. आज त्या गाड्या दहा-अकरा वर्षांच्या झाल्या आहेत. वॉरंटी केव्हाच संपली आहे आणि गिअरबॉक्सच्या तक्रारी सुरू झाल्या आहेत.

गेल्या काही महिन्यांत आपल्याच समाजातील दोन कुटुंबे गॅरेजचे अंदाजपत्रक घेऊन माझ्याकडे आली. मी मेकॅनिक नाही. तथापि निवृत्त बँक अधिकाऱ्याला सगळे हिशेब कळतात असा आपल्याकडे एक समज आहे आणि तो समज मोडण्याचे मला काही कारण दिसत नाही. शिवाय अंदाजपत्रक कारखान्याच्या यंत्राचे असो वा घरच्या मोटारीचे, ते वाचण्याची रीत एकच आहे : मागितलेली रक्कम नेमकी कोणत्या दोषासाठी आहे आणि तो दोष कोणी, कसा पाहिला, हे आधी विचारायचे.

येथेच पहिली अडचण येते. ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रे मोडतात आणि कित्येक मालकांना आपल्या गाडीत त्यांपैकी कोणते आहे याची कल्पना नसते. एएमटीमध्ये गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीच्या साध्या गाडीचेच असतात. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम माणसाच्या हातापायांऐवजी एक यंत्रणा करते. टॉर्क कन्व्हर्टर हा जुना आणि भक्कम प्रकार. दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याच्या जागी तेल असते, एवढाच फरक. तिसरा प्रकार सीव्हीटी. यात ठरावीक गिअरच नसतात. व्यास कमी-जास्त होणाऱ्या दोन पुल्यांवर पोलादी पट्टा फिरत राहतो. हॉलंडच्या डॅफ कंपनीने १९५८ मध्ये रबरी पट्ट्याचा हा प्रकार सर्वसामान्य गाडीत प्रथम आणला. चौथा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा. एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. या चौघांचे आजार वेगळे आहेत, औषध वेगळे आहे आणि खर्च तर फारच वेगळा आहे. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका घरात कोठे तरी असतेच. ती शोधून आपला प्रकार कोणता, एवढे तरी प्रत्येकाने पाहून ठेवावे.

दुसरी अडचण आपल्या भूगोलाची. पाटण कोयना आणि केरा यांच्या संगमावर वसलेले. पूर्वेला कराडचा रस्ता सरळ. पण पश्चिमेला कोयनानगर-हेळवाक ओलांडले की कुंभार्ली घाट. चिपळूणला नातेवाईक नाहीत असे पेठेतील घर विरळाच. जाताना उतार, येताना पोफळीपासून सरळ चढ. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा खरा शत्रू उष्णता आणि ती चढावर निर्माण होते. पुढे मालट्रक अडकला, रांग थांबली, की पुष्कळ चालक ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून गाडी चढावर तोलून धरतात. एएमटीत आणि कोरड्या क्लचच्या डीसीटीत याचा अर्थ क्लचप्लेट घासत राहणे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल तापत राहणे. अशा वेळी पायाचा ब्रेक घट्ट दाबावा, थांबा लांबला तर हँडब्रेक ओढावा. उतरताना ‘डी’वर निर्धास्त राहून सारा भार ब्रेकवर टाकणे किंवा, त्याहून वाईट, पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणे, ही सवय तर जिवाशी खेळ आहे. गाडीत ‘एल’, ‘२’ किंवा मॅन्युअलची सोय असते ती याच कामासाठी.

आपल्या घरांतून यात आणखी एक गोष्ट मिळते. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण आटोपायचे म्हणून परतीचा घाट घाईने चढला जातो. आणि चातुर्मासात साधुसंत एका जागी राहतात, त्यामुळे दर्शनाला जाणाऱ्या कुटुंबांच्या गाड्या वर्षातल्या सर्वांत वाईट रस्त्यांच्या महिन्यांतच सर्वांत जास्त धावतात. घर सोडतानाच एक तास आधी निघावे. घाटात तो तास वसूल करू पाहू नये.

आता तक्रारींकडे वळू. ‘डी’मध्ये टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करते आणि मग हिसका देऊन निघते. इंजिनाचा आवाज चढतो, काटा वर जातो, पण गाडी त्या मानाने पळत नाही. पार्किंगच्या जागी फरशीवर तांबूस डाग पडतो. जळका वास येतो. डॅशबोर्डवर गिअरचे चिन्ह लुकलुकते आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडून राहते. ही अखेरची गोष्ट पाहून माणूस घाबरतो. पण पुष्कळदा ती यंत्रानेच स्वतःच्या बचावासाठी घेतलेली भूमिका असते, जेणेकरून गाडी हळूहळू का होईना सुरक्षित जागी नेता यावी.

यांतल्या प्रत्येक लक्षणामागे गिअरबॉक्सच गेलेला असतो असे मुळीच नाही. अशक्त झालेली बॅटरी एएमटीला गोंधळात पाडते, कारण तिची सारी यंत्रणा विजेवर चालते. इंजिन ज्या रबरी पायांवर बसते ते झिजले की हिसके बसतात आणि दोष गिअरबॉक्सवर जातो. दांडा ‘पी’मधून निघतच नसेल तर ब्रेकच्या पेडलमागचा किरकोळ किमतीचा स्विच बिघडलेला असू शकतो, ब्रेक दाबल्याचा निरोपच पोहोचत नाही, म्हणून कुलूप उघडत नाही. पुष्कळ गाड्यांत दांड्याशेजारी एक बारीक झाकण असते. त्याखालची कळ दाबली की दांडा हाताने न्यूट्रलला आणता येतो. वेगाचा निरोप देणारा सेन्सर, गंजलेली जोडणी, कमी झालेले तेल, ही सगळी आधी तपासण्याची कारणे आहेत.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात, पडद्यावर एक संकेतांक येतो आणि त्या संकेतांकाच्या जोरावर काही ठिकाणी लाखाचे अंदाजपत्रक हाती दिले जाते. पी-०७०० हा त्यांतला नेहमीचा संकेतांक. त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या नियंत्रकाकडे काही तरी तक्रार नोंदलेली आहे. धनादेश परत आला आणि त्यावर ‘रिफर टू ड्रॉवर’ असा शेरा असला, तर कोणी तेवढ्यावरून समोरच्याचे दिवाळे निघाले असे मानत नाही. आधी फोन करून विचारतो. तसेच हे. पुढचे, अधिक नेमके संकेतांक काढून घ्यावेत, ते कागदावर लिहून मागावेत आणि त्यानंतर प्रत्यक्ष तपासणी काय केली ते विचारावे. दीड-दोन हजार रुपये तपासणीला द्यायला आपला माणूस कुरकुरतो आणि लाखाच्या दुरुस्तीला मुकाट मान डोलावतो, याचे मला नेहमी नवल वाटते. कर्ज देण्यापूर्वीच्या चौकशीवर खर्च होतो तो वाया गेला असे कोणतीही बँक मानत नाही.

तेलाचा विषय थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेल नुसते वंगण नाही. तेच दाब निर्माण करते, तेच शक्ती वाहून नेते, तेच थंडावा देते. टॉर्क कन्व्हर्टरचे तेल बहुधा तांबडे असते. ते तपकिरी-काळे पडून जळका वास येऊ लागला तर आत घासाघीस चालू आहे, आणि दुधाळ गुलाबी झाले तर पाणी शिरले आहे. सीव्हीटीचे तेल निराळे, एएमटीच्या गिअरबॉक्सचे निराळे, तिच्या हायड्रॉलिक यंत्रणेचे आणखी निराळे. ‘तेल ते तेलच’ म्हणून सीव्हीटीत दुसरे तेल ओतले की पट्ट्याची पकड सुटते आणि लहान खर्चाचे काम मोठे होते. पुष्कळ गाड्यांत तेल मोजायची पट्टीही नसते. ठरावीक तापमानाला खालचा बूच उघडून पातळी पाहावी लागते. हे काम रस्त्याकडेच्या गॅरेजचे नाही. काही कंपन्या तेल ‘आजीवन’ आहे असे सांगतात. कोणाच्या जीवनापर्यंत, हे मात्र त्या स्पष्ट करीत नाहीत. घाटात वापरल्या जाणाऱ्या दहा वर्षांच्या गाडीचे तेल कधीच बदलले नसेल, तर जाणकाराला विचारून ते बदलण्याचा निर्णय घ्यावा. यंत्राच्या दाबाने सगळे धुऊन काढण्यापेक्षा खालून सोडून तेवढेच भरणे, ही रीत जुन्या गाडीला मानवते असा अनुभवी मेकॅनिकांचा कल दिसतो.

तेलाचे महत्त्व किती, याचे एक जगजाहीर उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगन कंपनीने जगभरातून सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. सात गिअरच्या डीसीटीतील कृत्रिम तेलामुळे उष्ण आणि दमट हवामानात विजेच्या पुरवठ्यात बिघाड होऊ शकतो असे आढळले होते आणि उपाय होता तो तेल बदलून खनिज तेल भरण्याचा. एवढ्या मोठ्या कारखान्याची ही कथा, तर आपण आपल्या गाडीत काय ओतले जाते याकडे लक्ष द्यायला नको?

माझ्याकडे आलेल्या दोन प्रकरणांपैकी पहिले असे. पेठेतील एक कापडदुकानदार स्नेही. अकरा वर्षांची एएमटी गाडी, तेव्हाची किंमत ५ लाख २० हजार. त्यांचा डावा गुडघा बदललेला. वहिनी अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या त्या याच गाडीवर, आणि व्यायामोपचारासाठी आठवड्यातून दोनदा त्याच त्यांना कराडला नेत. गाडी चढावर धापा टाकू लागली, मग एके दिवशी न्यूट्रलमधून हलेनाच. मोठ्या शहरातील एका वर्कशॉपने संपूर्ण यंत्रणा बदलण्याचे १ लाख १० हजारांचे अंदाजपत्रक दिले. मुलगा म्हणाला, विकून टाकू, नवी घेऊ. नवी म्हणजे किमान आठ लाख, आणि दिवाळीच्या तोंडावर ते आठ लाख मालात गुंतलेले. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. कराडला जायचे तर आता कोणाला तरी विनवावे लागेल, ही चिंता त्यांच्या चेहऱ्यावर होती. अंदाजपत्रकात तिला रकाना नव्हता.

मी एवढेच सुचवले की दुसऱ्या ठिकाणी तपासणीचे पैसे देऊन लेखी निदान घ्यावे. दुसऱ्या मेकॅनिकने क्लचची झीज मोजली. प्लेट संपली होती आणि हायड्रॉलिक तेल कमी झाले होते. बाकी यंत्रणा ठीक होती. एएमटीचा क्लच हा साध्या गाडीसारखाच क्लच असल्याने तो एकटा बदलता येतो. मात्र नवा क्लच बसवल्यावर स्कॅनरने यंत्राला त्याची ओळख करून द्यावी लागते. ही पायरी वगळली तर नव्या क्लचनेही गाडी हिसके देते आणि ‘एवढा खर्च करून उपयोग नाही’ असे खापर फुटते. एकूण खर्च २६ हजारांच्या आत झाला. पहिल्या वर्कशॉपने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. सुटा भाग दुरुस्त करण्यापेक्षा संपूर्ण संच बदलणे त्यांना सोयीचे असते, जबाबदारीही कमी राहते. पण त्यांची सोय आणि आपली सोय एक नव्हे.

निर्णयाचा हिशेब कसा मांडावा याविषयी दोन शब्द. ‘सव्वापाच लाखांची गाडी आहे’ असे आपण म्हणतो, ते चूक. ते पैसे गेले. आयकराच्या दराने दरवर्षी शिल्लक किमतीवर १५ टक्के घसारा धरला, तर अकरा वर्षांनी पुस्तकी किंमत सुमारे ८७ हजार उरते. पण ‘८७ हजारांच्या गाडीवर लाख कशाला घालायचा’ हा युक्तिवादही तितकाच चूक, कारण पुस्तकी किमतीचा गाडीच्या उपयोगाशी संबंध नाही. पाहायच्या गोष्टी तीन : आज आहे त्या स्थितीत बाजारात काय मिळेल, दुरुस्तीनंतर किती वर्षे चालेल, आणि तेवढी वर्षे दुसरी सोय करायला काय लागेल. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची; नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे त्या स्नेह्यांच्या गाडीला सुखाची चार वर्षे होती. २६ हजार भागिले चार, वर्षाला साडेसहा हजार. आठ लाखांचे नुसते व्याज वर्षाला किती होते ते व्यापाऱ्याला सांगायला नको. उलट दुरुस्ती लाखाची असती आणि इंजिन, गंज, टायर यांचीही रडकथा असती, तर मी विकण्याचा सल्ला दिला असता. एकदा पैसे घातले म्हणून आणखी घालत जाणे, म्हणजे बुडत्याचा पाय खोलात.

विम्याचे काय, असे सगळेच विचारतात. यांत्रिक वा विद्युत बिघाड आणि झीज नेहमीच्या मोटार विम्यात बसत नाही. ‘झिरो डेप’ घेतले असले तरी नाही; ते अपघातातील सुट्या भागांच्या घसाऱ्यापुरते आहे. पुराचे पाणी मात्र सर्वसमावेशक पॉलिसीत येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीने आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणने व आपल्या तालुक्याने जे पाहिले, त्यानंतर हे सर्वांनी लक्षात ठेवावे : पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करू नये. बॅटरीची तार काढावी, फोटो घ्यावेत, विमा कंपनीला कळवावे. सुरू केल्याने होणारे नुकसान कंपनी नाकारू शकते. त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण मिळते; त्यात गिअरबॉक्स धरला आहे की नाही, हे पॉलिसीच्या कागदावर वाचून घ्यावे, एजंटाच्या तोंडून ऐकून नव्हे.

गाडी बंद पडलीच तर आपल्याकडे चार माणसे उत्साहाने धक्का मारायला धावतात. टॉर्क कन्व्हर्टरची किंवा सीव्हीटीची गाडी धक्क्याने सुरू होत नाही. दोर लावून लांब ओढत नेली तर नुकसान वाढते, कारण इंजिन बंद असले की आतला तेलाचा पंप बंद असतो आणि चाकांबरोबर आतले भाग कोरडे फिरतात. गाडी पूर्ण वर उचलून पाठीवर नेणारा ट्रकच मागवावा. कुंभार्लीतून तो मागवायला पैसे पडतात. तरी गिअरबॉक्सपेक्षा कमीच.

दुसरे प्रकरण असे सुखाचे झाले नाही. बारा वर्षांची सीव्हीटी, फर्मच्या नावावर, मूळ किंमत १० लाख. तेल सोडले तेव्हा त्यात धातूची भुकटी होती. पट्टा आणि पुल्या खराब झाल्याची ही खूण. खर्च गाडीच्या बाजारभावाहून जास्त निघत होता. विकायचे ठरले. तेव्हा घरातच एक प्रश्न उभा राहिला. एका दलालाने सुचवले, नवे तेल भरा, आठ-पंधरा दिवस गाडी गुळगुळीत चालेल, पावणेदोन लाख सहज येतील. घेणारा इस्लामपूरकडचा नोकरदार होता. थोरल्या भावाने दलालाला सांगितले, की आपल्या दुकानात कापड दाखवताना डाग असलेली बाजू आपण वर ठेवतो, खाली घालत नाही. वर्कशॉपचा लेखी अहवाल विक्रीच्या कागदांना जोडला आणि गाडी १ लाख १० हजारांना दिली, त्याच खरेदीदाराला. त्याच्या ओळखीत सुटे भाग मिळवून दुरुस्ती करणारा माणूस होता, त्याचे गणित वेगळे बसत होते. धाकट्याला ते ६५ हजार अजून खुपतात, हेही खरे.

त्या विक्रीत जीएसटीचा मुद्दा निघाला, तो येथे नोंदवतो. कारण पुष्कळांच्या गाड्या फर्मच्या नावावर असतात. नोंदणीकृत व्यापाऱ्याने, इनपुट क्रेडिट न घेतलेली जुनी गाडी विकली, तर २०२५ च्या जानेवारीपासून १८ टक्के कर आहे, पण तो संपूर्ण किमतीवर नाही. आयकरात घसारा घेतला असेल, तर घसारा वजा जाता उरलेली किंमत आणि विक्रीची किंमत यांतील फरकावर. येथे पुस्तकी किंमत सुमारे १ लाख ४२ हजार आणि विक्री १ लाख १० हजारांची, म्हणजे फरक उणे, कर शून्य. तरीही विक्रीचे बिल करून, ते विवरणपत्रात दाखवून, आरटीओत नाव बदलल्याची पावती हाती येईपर्यंत फाईल बंद करू नये. नाव बदलले नाही आणि उद्या त्या गाडीचा अपघात झाला, तर नोटीस जुन्याच मालकाच्या दुकानावर येते.